आमच्या बाई खांबावर असतात

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय माणसाला काहीही करायची मुभा आहे. अट एकच, त्या गोष्टीचा क्लास असला पाहिजे. मोठ्यानं ओरडायचं असेल तर गाण्याच्या क्लासात ओरडा. विनाकारण हसायचं असेल तर सकाळी सहाला बागेत जाऊन हास्यक्लबात हसा. चिखलात खेळायचं असेल तर पॉटरीची बॅच बघा. क्लास म्हटला की फी आली, फी आली की पावती आली, आणि पावती दिसली की आपल्या लोकांची निम्मी नैतिक काळजी मिटते. मी एक्केचाळिसाव्या वर्षी पोल डान्स शिकायला लागले आणि आता शिकवते, म्हणून हे अधिकारानं सांगते.

सुरुवात भाचीमुळं झाली. तिला एका स्टुडिओत ट्रायल घ्यायची होती आणि तिथं एकावर एक फुकट अशी योजना होती. दुसरं माणूस नेलं नाही तर फुकटातला भाग वाया जाणार, आणि फुकट मिळणारी गोष्ट वाया घालवणं पुण्यात पाप समजतात. म्हणून मी सोबतीला गेले. तासाभरानं भाची म्हणाली, "मावशी, हे फार दुखतं गं," आणि पुन्हा कधी तिकडं फिरकली नाही. मला मात्र, इतकी वर्षं अकाउंट्समध्ये खुर्चीला खिळून काढल्यावर, आपलं काहीतरी दुखतंय आणि ते आपण स्वतः ठरवून दुखवून घेतलंय, याचंच अप्रूप वाटलं. मी तिथल्या तिथं महिन्याची फी भरली. पावती घेतली.

पोल डान्स म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं जांभळा उजेड, धूर आणि 'रेस ३'मधली जॅकलिन फर्नांडिस येते. प्रत्यक्षात तिथं ट्यूबलाइट असते. पायाखाली जाड गादी, कोपऱ्यात स्पिरिटची बाटली, पुसायची फडकी, आणि घामेजलेल्या बायका. मादक भाव आणायला कुणाला सवडच नसते. प्रत्येक जण मनातल्या मनात सेकंद मोजत असते. खांब साधारण ४५ मिलिमीटर जाडीचा, मुठीत नीट मावणारा. तो पितळी असतो, क्रोमचा असतो किंवा स्टेनलेस स्टीलचा. स्टॅटिक ठेवला तर तो गप्प उभा राहतो, तुम्ही त्याच्याभोवती फिरायचं. स्पिनवर टाकला तर तो बेअरिंगवर स्वतःच फिरतो, तुम्ही नुसतं धरून राहायचं. हातपाय जवळ घेतले की वेग वाढतो, पसरले की कमी होतो. हे शाळेत फिजिक्सच्या बाईंनी शिकवलं होतं, पण पोटात ढवळतं हे सांगितलं नव्हतं.

आता तोकड्या चड्डीचा प्रश्न. तो सगळ्यांच्या मनात असतो, म्हणून आधीच निकालात काढते. कापड घसरतं, कातडी धरते. एवढंच. ताकद हातात लागते हे खरं, पण माणूस खांबावर टिकतो तो कातडीच्या जोरावर: गुडघ्यामागची, काखेतली, पोटाच्या बाजूची, आणि मुख्य म्हणजे मांडीच्या आतली. या आतल्या कातडीचा आजवर कुणी विचार केलेला नसतो. पहिल्यांदा पोल-सिट करताना, म्हणजे खांबावर चढून, मांड्यांत खांब आवळून, दोन्ही हात सोडून बसताना, ती आपल्या सगळ्या तक्रारी एकदम मांडते. मी तेव्हा जो आवाज काढला तो शेजारच्या झुंबाच्या वर्गात ऐकू गेला. त्यांना वाटलं गाणं बदललं.

कातडीवर सगळं अवलंबून म्हटल्यावर तिची मर्जीही सांभाळावी लागते. क्लासच्या दिवशी अंगाला क्रीम लावायचं नाही, तेल तर नाहीच. पावसाळ्यात घामानं हात निसटतात, तेव्हा पातळ खडू चोळायचा. पुण्याच्या कोरड्या थंडीत उलट होतं. कातडी इतकी सुकते की खांब हातात थांबत नाही, आणि स्टील तर असं गार पडतं की पहिली पाच मिनिटं त्याला नुसतं पुसून ऊब द्यावी लागते. शिवाय अंगावर धातू चालत नाही, खांबाला ओरखडे पडतात. त्यामुळं अंगठ्या, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं उतरवून ठेवायचं. आमच्या स्टुडिओत त्यासाठी स्टीलचा पाच पुडांचा मसाल्याचा डबा होता. त्यात कप्पे केलेले. कितीतरी नवऱ्यांचं आयुष्य तासभर त्या डब्यात झाकण लावून सुरक्षित असे.

प्रकारांची नावं हा एक स्वतंत्र मनोरंजनाचा भाग आहे. फायरमन आहे, सुपरमॅन आहे, बटरफ्लाय आहे. गुडघ्यानं उलटं लटकायचे दोन प्रकार आहेत, त्यांची नावं जेमिनी आणि स्कॉर्पिओ, म्हणजे मिथुन आणि वृश्चिक. आमच्या बॅचमधल्या एक बाई आपली रास कन्या असल्याचं सांगून दोन्ही टाळायला बघायच्या. एक प्रकार आहे आयेशा. त्यात दोन हातांवर खांबापासून शरीर तोलून पाय आकाशात पसरायचे असतात. ही आयेशा कोण, कुठली, तिला घरी कुणी काही बोललं नाही का, याची चौकशी प्रत्येक नवीन बॅचमध्ये होते.

आणि मग निळे-जांभळे डाग. पोल करणाऱ्या बायका त्यांना लाडानं 'पोल किस' म्हणतात. मला हा लाड मान्य नाही. पोटरीला, पावलावर, मांडीला, दंडाच्या आत, कुठंही उठतात. मी तापासाठी डॉक्टरबाईंकडं गेले, तर त्यांनी माझा दंड बघितला, गुडघा बघितला, मग माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं, आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. माझा नवरा झुरळालाही कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारा माणूस. तेव्हापासून तो दवाखान्यात जाताना माझा खांबावरचा व्हिडिओ मोबाइलमध्ये वर काढून ठेवतो आणि नमस्काराआधी तो दाखवतो.

घरी सांगायच्या वेळी मी मोठ्या लढाईची तयारी केली होती. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढं भावनेचं चालत नाही, कागद लागतो. म्हणून मी पुरावा काढून ठेवला होता: जगभरातल्या क्रीडा महासंघांची जी शिखर संघटना होती, तिनं २०१७ साली पोल स्पोर्ट्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला निरीक्षकाचा दर्जा दिला. त्याच्या स्पर्धा होतात, नियमावली असते, कपडे काढायला सक्त मनाई असते. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "त्या वर्षी अजून कुणाकुणाला दिला दर्जा?" यादीत पंजा लढवणं होतं. पोकरही होतं. "म्हणजे पत्ते कुटणारे आणि तू एका रांगेत," त्या म्हणाल्या. थोडा वेळ शांतता झाली. मग म्हणाल्या, "फी किती?" मी आकडा सांगितला. त्या ताठ बसल्या. खरी लढाई तिथं झाली, आणि ती पूर्णपणे आर्थिक होती.

पुढं सरावासाठी मी घरीच, हॉलमध्ये, सोफा आणि शोकेसच्या मध्ये एक खांब बसवला. कुटुंबानं तो महिन्याभरात पचवला. दिवाळीत त्याच्यावर लायटिंगची माळ चढते. मोलकरीण येता-जाता फडकं मारते. पण सासूबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे मामा, भाऊबिजेला आले आणि त्या खांबाची पहिली तज्ज्ञ तपासणी झाली. मामा ऐंशीच्या घरातले, तरुणपणी पेठेतल्या आखाड्यात मल्लखांब केलेला. त्यांनी खांबावर बोटाचं पेर वाजवलं.

"पोकळ आहे."

"हो मामा, स्टीलचा आहे."

"बोंड कुठंय?"

मल्लखांब जमिनीत पुरलेला असतो, शिसवी नाहीतर सागवानी, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता. वर मान, आणि मानेवर बोंड. खेळाडू त्या बोंडावर उभासुद्धा राहतो. आमचा खांब जमीन आणि स्लॅब यांच्यामध्ये दाबून बसवलेला. त्याला वरचं टोकच नाही, मग बोंड कुठलं? मी हे सांगितलं. मामांना खांबाची दया आली.

"बरं, तेल कुठलं लावता? एरंडेलच ना?"

"तेल नाही लावत मामा. उलट पुसून कोरडा करतो."

मामांनी बहिणीकडं पाहिलं. पोल डान्सबद्दल मी आयुष्यात जे जे आक्षेप ऐकायची तयारी केली होती, त्यात हा नव्हता. "कोरड्यावर चढता?" ते म्हणाले. "मग त्यात विशेष काय?"

मी खवळले. तिथल्या तिथं पदर खोचावा तसा दुपट्टा बाजूला टाकला, आत शॉर्ट्स होत्याच, आणि खांबावर चढून, पायांची कात्री मारून, हात सोडून उलटी लटकले. मामांनी मान वाकडी करून बघितलं. "ही साधी अढी," त्यांनी निकाल दिला. "लहान पोरांना पहिल्यांदा हीच शिकवतात. आणि पंजा ताण, पंजा. ढिला पडलाय." पंजा खरंच ढिला पडला होता. मग चहा होईपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांची कथा सांगितली: निजामाचे अली आणि गुलाब हे पैलवान पेशव्यांच्या दरबारात आव्हान घेऊन आले, कुणी पुढं येईना, तेव्हा हा कोवळा पोरगा पुढं झाला, वणीला सप्तशृंगीच्या पायाशी जाऊन बसला, आणि तिथं मारुतीनं त्याला लाकडाच्या खांबावर डाव शिकवले. झाशीच्या राणीनंही मल्लखांब केला होता असं म्हणतात, हे त्यांनी खास माझ्यासाठी जोडलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आला होता, हेही आलं. मी म्हटलं, मामा, २०१९ मध्ये शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात कितीतरी परदेशी मुलंमुली आली होती. ते म्हणाले, "बघ. ते आपला खांब शिकायला इथं येतात, आणि तू त्यांचा घरात उभा केलास. वर कोरडा."

शिकवायला मी कशी लागले यात नाट्य काही नाही. आमची शिकवणारी पंचविशीतली मुलगी लग्न करून बंगळुरूला गेली, बॅच अर्ध्यावर लटकली (अक्षरशः), आणि वयानं मोठी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. रीतसर प्रशिक्षण घेतलं: शरीररचना, खांदा कसा निखळतो, मनगट कसं दुखावतं, पडणाऱ्या माणसाला कुठं धरायचं आणि कुठं धरायचं नाही. परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं. सासूबाईंनी ते लॅमिनेट करून आणलं. लॅमिनेशननंतर घरात या विषयावर चर्चा झालेली नाही.

जागा शोधताना मात्र पुन्हा छातीत धडधड होती. घरमालक, वय सत्तर, पांढरा शर्ट, दाराबाहेर चपलांविषयी तीन सूचनांची पाटी. कसला क्लास, त्यांनी विचारलं. मी दम घेऊन, डोळ्यांत डोळे घालून, "पोल डान्सचा," म्हणून सांगितलं. आता काय ते होऊन जाऊ दे. ते बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "स्लॅबला भोकं पाडणार?" नाही म्हटलं, दाबावर बसतो, फक्त वर बीम हवा, फॉल्स सीलिंग चालत नाही. "भोक नाही ना? मग काय करायचं ते करा. नऊनंतर आवाज नको." समाजाशी दोन हात करायला मी किती वर्षं तयार होते! समाज स्लॅबच्या काळजीत होता.

शिकवताना कळतं की खरी अडचण खांबावर चढण्यात नसते, दारातून आत येण्यात असते. फोन रोज येतात. "मी आधी जरा वजन कमी करते, मग येते." "हातात ताकद आणते, मग येते." पोहायला येऊ लागलं की तलावात उतरते म्हणण्यातला हा प्रकार. ताकद खांबावरच येते, दुसरीकडं कुठं विकत मिळत नाही. आणि ज्यांच्या हातात ताकद आहे त्यांना ती ठाऊक नसते. माझ्या आजवरच्या विद्यार्थिनींत सगळ्यात पक्की पकड डोंबिवलीहून बदलून आलेल्या एका बँकवाल्या बाईंची. त्यांना चढायला सांगितलं तेव्हा एका हातानं खांब, दुसऱ्या हातात पर्स, आणि नजर समोर. लोकलच्या लेडीज डब्यातल्या दांड्याला धरून त्यांनी अर्धं आयुष्य काढलेलं. पर्स ठेवायला त्यांना शिकवावं लागलं. बाकी सगळं येत होतं.

सूचना मी मराठीत देते. इंग्रजीत पोटाचे स्नायू कामाला लावा म्हटलं की सगळ्या नुसता श्वास कोंडून लाल होतात. "शिंक आवरताना पोट धरतो तसं धर," म्हटलं की सगळ्यांचं पोट बरोबर जागेवर जातं. उलटं असताना डावं-उजवं कुणालाच कळत नाही, मलाही नाही. म्हणून "दाराकडचा पाय" आणि "खिडकीकडचा पाय" असं चालतं. नवीन जागी गेलो की अभ्यासक्रम बदलतो. आणि एक सांगते, शिकवणाऱ्या बाईच्या खांद्यावर, मांडीवर, प्रसंगी डोक्यावर जे पाय पडतात, ते सगळे आधी "सॉरी मॅडम" म्हणून पडतात. पाया पडण्याची ही उलटी पद्धत मला अजून अंगवळणी पडलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती आमच्याच लोकांची आहे. पोल करणाऱ्या बऱ्याच बायका नवीन माणूस भेटला की पहिलं वाक्य टाकतात: हे 'तसलं' नाही, हा खेळ आहे. मीही सासूबाईंपुढं तोच कागद ठेवला होता. पण हे आलं कुठून? मल्लखांब आणि सर्कशीतला चिनी खांब हे दूरचे नातेवाईक खरे. पण आपण ज्या गिरक्या मारतो, जी आठ इंची टाच घालतो, ज्या ऐटीत खांबाला टेकतो, ते सगळं अमेरिकेतल्या, कॅनडातल्या रात्रीच्या क्लबांत पोट भरणाऱ्या बायकांनी घडवलेलं आहे. कॅनडाच्या फॉनिया मॉन्डे हिनं नव्वदच्या दशकात क्लबात नाचता नाचता बाहेरच्या बायकांना शिकवायला घेतलं, शिकवणीचा व्हिडिओ काढला. म्हणजे तिनंही शेवटी क्लासच काढला! आम्ही त्यांच्याकडून सगळं घेतलं, फी भरून आपलं केलं, आणि आता त्यांचंच नाव घ्यायला लाजतो.

हे आपल्याला नवीन नाही. तमाशातल्या बाईची लावणी वर्षानुवर्षं नाक मुरडून ऐकली, आणि सोसायटीच्या गणपतीत आपल्या मुलीनं तीच केली की व्हिडिओ गावभर पाठवला. मुंबईच्या डान्सबारमध्ये कुणी खांबावर चढत नव्हतं. मुली साडी नाहीतर घागरा-चोळीत हिंदी गाण्यांवर नाचत होत्या. त्यावर राज्यानं २००५ मध्ये बंदी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयात ती २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरेपर्यंत त्यांच्यातल्या कितीजणींची चूल विझली होती. बंदीच्या बाजूच्या लोकांच्या घरातल्या मुली त्याच गाण्यांवर बॉलिवूड डान्सच्या क्लासात नाचत होत्या. तो क्लास होता. त्याची पावती होती.

सासूबाईंचं आता असं झालंय की कट्ट्यावरच्या काकूंनी खोचकपणे विचारलं, "सूनबाई ते खांबावर नाचतात म्हणे?" तर त्या चष्मा वर सरकवून उत्तर देतात, "नाचत नाही, शिकवते. दोन बॅच फुल आहेत, तिसरीला वेटिंग आहे." काकू गप्प होतात, आणि हळूच सुटीच्या बॅचची चौकशी करतात. त्यांच्यातल्या दोघी हल्ली येतातही. एकीचं पोल-सिट झालंय. दुसरीची रास कन्या आहे.

तुम्हालाही यायचं असेल तर वजन कमी करत बसू नका. शॉर्ट्स आणा, पाण्याची बाटली आणा, क्रीम लावून येऊ नका, दागिने घरी ठेवा, डबा भरलाय. चुकलेल्या तासाची भरपाई त्याच महिन्यात होते, पैसे परत मिळत नाहीत. फी आगाऊ, पावती मिळेल.